श्रीपत माळ्याची ओ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे. अकोल्याला माझ्या माहेरच्या गल्लीत दर चार घरांआड असा एक सांगणारा होता, आणि प्रत्येकाच्या मामाला चकवा लागलेला. मी तोंडावर म्हणायची, "काका, तुमच्या मामाले घरी जायचंच नसन." आई कपाळावर हात मारून घ्यायची. तेव्हा श्रीपत माळ्याबद्दल मी जे सांगते आहे ते कुणाला घाबरवायला नव्हे. घाबरले ती मी. आणि त्या माणसाची आठवण आली की आजही मला आधी स्वतःचीच लाज वाटते, ती का ते पुढं येईलच.

तेव्हा मी अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. वऱ्हाड मध्यप्रांतात होता, लढाई सुरू होती, साखर आणि रॉकेल रांगेत उभं राहून मिळायचं. आमचे हे कचेरीत कारकून. शाळेच्या फाटकासमोर चिंचेखाली सकाळी श्रीपत बसायचा. एका टोपल्यात वांगी, मेथी, काकड्या, दुसऱ्यात ओल्या फडक्याखाली शेवंती आणि झेंडू. साठी उलटलेली, अंगानं काडी, पण कान असे मोठे की पागोट्याच्या बाहेर उभे राहिलेले दिसायचे. गावाबाहेर त्याचा मळा होता. पुतणे-सुना कष्ट करायचे आणि हा माल घेऊन यायचा.

पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "अहो श्रीपतराव, मेथी कशी दिली?"

ढिम्म. आपला भाजीवर पाणी शिंपडतोय.

"अहो, श्रीपतराव!"

पुन्हा तेच. मी चिडले. बहिरा म्हणावं तर शेजारच्या बाईशी नीट बोलत होता. तेवढ्यात आमच्या शाळेची शिपाईण गंगा आतून ओरडली, "बाई, राव-गिव काई नोका लावू. नुसतं सीरपत म्हना!"

"अगं, बापाच्या वयाचा माणूस आहे!"

"म्हनून तं पाहा."

मी अवघडून म्हटलं, "श्रीपत."

"ओ!"

ती ओ मी कधी विसरणार नाही. आपण 'काय?' म्हणतो तशी ती नव्हती. विहिरीच्या काठावर पाय घसरलेल्या माणसाचा हात कुणीतरी झपकन धरावा, तशी होती. हातातलं भांडं खाली, मान वर, डोळे माझ्या डोळ्यांत. मी दोन पैशांची मेथी मागणार होते, ते मला नीट सांगताच येईना.

त्याची ही खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. बाजारात ऐन घासाघिशीत असला, तोंडात घास असला, पुतण्याच्या लग्नात अक्षता पडत असल्या, तरी नावानं हाक आली की याची ओ आलीच. आमच्या वर्गातल्या पोरी मोठ्या गुणाच्या! भिंतीआड लपून "सीरपत!" म्हणून किंचाळायच्या आणि खिदळत पळायच्या. बिचारा दर वेळी ओ देऊन उभा राहायचा, चहूकडे पाहायचा, मग बसायचा. एकदा मी चार जणींना पकडून छड्या द्यायला घेतल्या तर हाच फाटकातून आत आला.

"नोका मारू बाई. हाक मारतेत, वाईट काय करतेत पोरी?"

"अहो, टिंगल करतात तुमची!"

"टिंगल तं टिंगल. एखांदी खरी असन. मले कसं समजन?"

तेव्हा मला वाटलं, म्हातारा थोडा सरकलेला आहे.

रविवारी मात्र तो भाजी विकत नसे. रविवारी तो तलावावर जायचा. अमरावतीहून सकाळी सर्व्हिस मोटार निघायची ती परतवाड्यावरून डोंगर चढून वर जायची. पेट्रोलची मारामार, म्हणून तिच्या पाठीला कोळशाच्या गॅसची टाकी बांधलेली. घाटात तिचा दम निघाला की आम्ही उतरून ढकलायचो आणि डायवर करीमभाई आतून आम्हालाच दटावायचा, "जोर से! नाश्ता किया नहीं क्या?" माथ्यावर पोचायच्या आधी एक जुना तलाव लागायचा. आसरांचा तलाव म्हणत त्याला. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, शेंदूर फासलेले सात दगड होते, पाण्यातल्या साती आसरांचे. मोटार पाळीशी आम्हाला सोडून पुढं जायची आणि दुपारी तीनला परतताना उचलायची. मधल्या वेळात तलावाला वेढा घालणारी पायवाट चालायची. दीड कोस असेल. सागाच्या आणि बांबूच्या झाडीतून जाते, कुठं अगदी पाण्याला लागून, आणि शेवटी फिरून त्याच पाळीवर येते.

श्रीपत ज्याला त्याला आग्रह करून या वाटेवर न्यायचा. "चाला ना बाई, मोटारीनं तं जा लागते, पाय काई झिजत नाई." आम्ही दोघी-तिघी मास्तरणी, एक वकील आणि त्यांची बायको, पोष्टातले एक-दोघे, असे सहा-सात जण ठरल्यासारखे जायचो. वकीलसाहेब हवा खायला, आम्ही बाया जांभळं खायला. श्रीपत कशाला यायचा ते आम्ही कुणी विचारलं नव्हतं. शहाण्या माणसांची ही एक गंमत असते, माळी झाडापाण्यात येणारच असं आपण धरून चालतो.

वाटेवर त्याचा एकच नियम होता. दर वळणाला प्रत्येकानं पुढच्याला नावानं हाक मारायची आणि पुढच्यानं लगेच ओ द्यायची. निघायच्या आधी पाळीवर तो तालीम घ्यायचा. पुरुषांचं ठीक होतं. पण बायकांना तो नवऱ्याचं नाव घ्यायला लावायचा! चारचौघांत! वकिलीणबाई हुशार. त्यांनी पदर सावरून उखाणा सुरू केला, "चांदीच्या वाटीत..."

"कविता नोको माय," श्रीपत म्हणाला. "नाव पायजे. नुसतं."

वकिलीणबाई लाल झाल्या. वकीलसाहेब काठी आपटून म्हणाले, "हा काय वाह्यातपणा आहे?" शेवटी बाईंनी नाव घेतलं, पण असं की जवळच्या मलाही ते ऐकू आलं नाही.

श्रीपतनं त्यांच्याकडे पाहिलं. "पान्यात पडल्यावर अशानं आयकू येईन काय माय?"

माझी पाळी आली तेव्हा मी सांगून टाकलं, मी नाव घेणार नाही, हे इथं नाहीतच तर हाक कुणाला मारू? मला रीत मोडायची भीती नव्हती, कुणी हुकूम केलेला आवडत नाही एवढंच. श्रीपत म्हणाला, "तं मंग मधात चाला. काठानं नोको." आणि मला झाडीच्या बाजूला घेऊन स्वतः पाण्याच्या बाजूनं चालायला लागला. माझं तोंड फुगलेलंच होतं. अर्ध्या वाटेत एक मोठा काळा दगड पाण्यात उतरला आहे, तिथं बाकीचे पुढं गेले, मी चपलेतला काटा काढायला बसले आणि तो माझ्यासाठी थांबला. तिथं त्यानं मला ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"महालक्ष्म्याइच्या दिवसाइत कमयं लागतेत, बाई. तवा मोटार नोयती. मी अन् आमची तुयसा, बैलबंडीनं याचो. थे या काठानं तोडे, मी त्या काठानं. त्या दिवशी धुकं असं का आपला हात आपल्याले दिसे ना. अन् इकून हाक आली. 'सीरपत!' बाईचा आवाज."

तो बोलताना दगडाकडे पाहत नव्हता, माझ्याकडेही नाही. पाण्याच्या मधोमध कुठंतरी पाहत होता.

"लग्नाले बारा वर्स झाल्ती. तिनं कदी माहं नाव घेतलं नाई. झगड्यात नाई, तापात नाई. 'आयकलं काय' म्हने, बस. मंग पान्यातून नाव घेऊन बोलावते थे कोन? आसरा. आमाले लहानपनापासून हेच सांगतलं, आसरा नावानं बोलावते, ओ देल्ली का नेते. मी खाली बसलो. कमयं तोडाचा इया दातात धरला, लोखंड पायजे म्हनून. कानात बोटं घातली. दुसरी हाक बोटाइतून आयकू आली. मी देवाचं नाव घेत राह्यलो. तिसरी..."

"तिसरी?"

"तिसरी अर्धीच आली. 'सीर'... एवढीच."

धुकं उठल्यावर त्याला याच दगडाशी कमळांनी अर्धं भरलेलं टोपलं दिसलं.

मला रडू कोसळलं. मी काही पाषाणहृदयी नाही, नुसतं तोंड तिखट आहे. म्हटलं, "श्रीपत, तुमची काय चूक? कुणीही तेच केलं असतं."

"चूक नाई तं काय हाय बाई? जीव जातानी तिनं रीत मोडली. अन् मी रीत पायत बसलो."

मग म्हणाला, "मले काई नोको आता. एक डाव हाक यावी. मी ओ देईन. मंग काई झालं तं होऊ द्या."

तर यासाठी तो येत होता. तीस का पस्तीस वर्षं, आधी बंडीनं, मग पायी, मग मोटारीनं. मी उठले, पाण्याकडे तोंड केलं आणि आमच्या ह्यांचं नाव मोठ्यानं घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा. पलीकडच्या डोंगरानं ते परत केलं. श्रीपत मान हलवून म्हणाला, "हां. असं."

त्यानंतरच्या श्रावणातला एक रविवार मला विसरता येत नाही. आम्ही सात जण होतो. निम्म्या वाटेत धुकं उतरलं, दिवसाढवळ्या, दुपारी बारा वाजता. श्रीपतनं सगळ्यांना थांबवलं आणि एकामागून एक नावं पुकारली. ओ येत गेली. वकीलसाहेबांची खाकरत, पोष्टातल्यांची, माझी. सगळे झाले. आणि मग उजव्या हाताला, जिथं वाट नाही, नुसतं पाणी आहे, तिथून आणखी एक ओ आली. बारीक, बाईची, थोडी थकलेली.

वकिलीणबाईंनी माझा दंड असा धरला की चार दिवस वळ होता. मी स्वतःला सांगत होते, डोंगराचा पडसाद आहे, गवळण असेल, टिटवी असेल. सगळं सांगून झालं. मग मी श्रीपतच्या कानाशी लागून विचारलं, "तीच का?"

तो कान देऊन ऐकत होता, आपण नाणं खणखणवून ऐकतो तसा. मग अगदी सहज म्हणाला, "नाई. थे तुयसा नोहे. थे दुसरी हाय कोनी, जुनी. अदीमधी ओ देते. तिले नोका मोजू. चाला."

आणि चालायला लागला! आम्ही एकमेकांचे पदर, काठ्या, उपरणी धरून त्याच्यामागं. मोटारीत बसल्यावर वकीलसाहेबांनी आपण काहीच ऐकलं नाही असं तीनदा सांगितलं, कुणी न विचारता. मला त्या आवाजापेक्षा त्याच्या उत्तराची जास्त भीती वाटली. त्या काठावर इतकी वर्षं कान लावून बसल्यावर हा माणूस कुणाकुणाला ओळखायला लागला होता, देव जाणे.

पुढच्या साली भाद्रपदात करीमभाईनं बातमी दिली. टायर मिळत नाहीत, गाडी आता परतवाड्यापर्यंतच. वर जाणारी फेरी या रविवारची शेवटची. लढाई संपल्यावर पाहू.

लढाई कधी संपणार ते कुणाला माहीत? श्रीपतचा गुडघा नारळाएवढा सुजलेला. चिंचेखालून फाटकापर्यंत यायला त्याला भिंत धरावी लागे. घाट चढून जाणं आता त्याच्याच्यानं होणार नव्हतं. मी त्याला म्हटलं, "आता मळ्यातच बसा श्रीपत. तुळसाबाईंना समजेल." तो नुसता हसल्यासारखं करून म्हणाला, "समजन वो. पन मले नाई समजनार."

त्या शनिवारी मला झोप लागेना. आणि मग माझ्या डोक्यात ते आलं. एक हाक तर हवी होती बिचाऱ्याला. मी मारली तर? बाईचा आवाज, वऱ्हाडी, लांबून, झाडीआडून. तो ओ देईल, मोकळा होईल, मरेल तेव्हा सुखानं मरेल. पोरींना 'खोटं बोलू नये' म्हणून छड्या देणारी मी, रात्रभर पडल्या पडल्या ओठ हलवून त्या हाकेची तालीम करत होते. वर त्याला मी पुण्याचं काम म्हणत होते. शी! अजून आठवलं की अंग चोरावंसं वाटतं.

शेवटच्या फेरीला आम्ही पाच जणच होतो. आभाळ खाली आलेलं, पाळीवरचे दगडही नीट दिसत नव्हते. श्रीपत लंगडत, थांबत चालला. काळ्या दगडाशी आल्यावर म्हणाला, "तुमी व्हा पुढं. मी उलीसा बसतो." बाकीचे पुढं गेले. मी वीसेक पावलं जाऊन मागं वळले आणि बांबूच्या बेटाआड उभी राहिले. तिथून तो मला दिसत होता, पाठमोरा, दगडावर उभा, पाण्याकडे तोंड करून. वारा नव्हता. एक पाखरू बोलत नव्हतं.

मी छातीत हवा भरून घेतली. तोंड उघडलं.

"ओ!"

श्रीपतनं ओ दिली.

मी हाक मारलेली नव्हती. माझ्या गळ्यातून शब्द फुटलाच नव्हता. लेकीबाळींची शपथ घेऊन सांगते, त्या काठावर कसलाही आवाज झालेला नव्हता. माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

तो पाण्याकडेच पाहत होता. क्षणभर थांबून, घरातलं माणूस उशिराबद्दल कुरकुरतं तेव्हा आपण बोलतो त्या सुरात म्हणाला, "हो हो. आयकलं. आयकलं म्हनतो ना!" आणि हसला. इतक्या वर्षांत मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं. खालच्या आवाजात, लाजून, नवरदेव हसतो तसं. मग दगडावरून उतरला आणि वाटेनं पुढं निघाला, माझ्यापासून दोन हातांवरून. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. पाय लंगडत नव्हता.

मी उलट्या बाजूनं पळत सुटले. चपला कुठं राहिल्या ते कळलं नाही. पाळीवर मोटार येऊन उभी होती, बाकीचे पोचलेले होते. मी धापा टाकत सांगितलं, कुणाला काही कळलं नाही. करीमभाईनं भोंगा वाजवला. तेवढ्यात धुक्यातून श्रीपत पाळीवर आला. मोटारीच्या तोंडासमोरून, दहा हातांवरून. मान थोडी वाकवलेली, उजवीकडे, आपल्यापेक्षा बुटक्या माणसाशी बोलताना वाकवतो तशी.

"...टाइम झाला खरा," तो म्हणत होता, "पन आलो का नाई?"

"अरे सीरपत! बैठ जल्दी!" करीमभाई ओरडला.

तो चालत राहिला. पाळ संपली, वाट पुन्हा झाडीत शिरली, तो तिच्यात शिरला. करीमभाई उडी टाकून त्याच्यामागं धावला. अर्ध्या तासानं पलीकडच्या बाजूनं एकटाच परत आला, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. सगळी वाट फिरून आला होता, वाटेवर कुणी नव्हतं. कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "गवळ्याच्या वाड्यावर गेला असेल. झोपतो कधीमधी तिथं." आम्ही सगळ्यांनी ते घाईघाईनं खरं मानलं. उजेड होता तोवर घाट उतरायलाच हवा होता. पुढं आठ दिवसांनी पाटलानं तलावात गळ टाकून पाहिलं, गवळ्यांना विचारलं, पुतण्यांनी रान पालथं घातलं. हाती काही आलं नाही, एक पागोटंसुद्धा.

पण ते नंतरचं. मोटार सुरू झाली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. कोळशाचा धूर मागं पसरला, आणि तो जरा विरला तेव्हा पाळीवर श्रीपत पुन्हा दिसला. दुसरा फेरा घालून आला होता. त्याच चालीनं, मान तशीच वाकवून, हळूहळू काही सांगत. पस्तीस वर्षांचं सांगायचं होतं, घाई कशाला?

"थांबवा! करीमभाई, थांबवा गाडी!"

करीमभाईनं आरशात पाहिलं. त्यालाही दिसला असणार, कारण त्याचं तोंड पांढरंफटक झालं. पण गाडी थांबली नाही. "बाई," तो म्हणाला, "मानूस आपल्या घरच्याशी बोलून राह्यला. आपन मधात नाई पडत."

मी खिडकीतून निम्मी बाहेर वाकले आणि हाक मारली. नुसतं नाव, राव न लावता. "श्रीपत!" घसा फाटेस्तोवर मारली, तीनदा, चारदा. सगळ्या बाजाराला ओ देणारा माणूस, चहाटळ पोरींना ओ देणारा माणूस. त्यानं मान वळवली नाही.

ओ आली नाही. मला भयंकर रडू येत होतं, आणि रडता रडता पहिल्यांदाच वाटलं, न येऊ दे. मी पाचवी हाक मारली नाही.